कन्याकुमारी ते दिब्रुगड : भूगोलाचा एक पाठ

इयत्ता पाचवीच्या एका वर्गात शाळाभेटीच्या वेळी मी सहज विचारले, "आपला देश कसा आहे?" पहिल्या रांगेतील मुलाने तत्काळ उभे राहून उत्तर दिले, "आपला देश विशाल असून येथे विविधतेत एकता आढळते." उत्तर शुद्ध होते. दुसऱ्यास विचारले, तेच वाक्य. तिसरीस विचारले, तेच वाक्य, आणि श्वासही त्याच ठिकाणी घेतलेला. अशा रीतीने अकरा मुलांनी विविधतेचे वर्णन अक्षरशः एका वाक्यात केले. वर्गात एकता पुरेपूर होती. विविधता मात्र कोठे आढळेना. "विविधता म्हणजे काय?" असे पुढे विचारताच सारा वर्ग खाली पाहू लागला.

यात गुरुजींना दोष देण्याचा हेतू नाही. मी स्वतः अठरा वर्षे प्राथमिक शाळेत भूगोल शिकविला आणि हेच वाक्य प्रतिवर्षी फळ्यावर लिहून दिले. भारताची टोके, नद्यांचे उगम, राज्यांच्या राजधान्या हे सर्व मी मुलांकडून घोकून घेतले. परंतु यांपैकी एकही टोक मी पाहिलेले नव्हते, आणि न पाहिलेल्या गोष्टीविषयी मुलांना कुतूहल वाटेल असे काही सांगणे मला कधी साधले नाही.

त्याच वर्गात शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती. तिच्याकडे वळलो तेव्हा गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, ती हिंदीवाली आहे. यंत्रमागावर कामाला आलेल्या माणसाची मुलगी. तिला मराठी येत नाही." मी मान डोलावली आणि पुढील मुलाकडे वळलो. त्या मुलीविषयी आम्हा दोघांनाही जे ठाऊक आहे असे वाटत होते ते चुकीचे होते, हे मला पुढे दीड हजार किलोमीटरांवर जाऊन कळले. त्याची हकीकत ओघाने येईल.

२०१९ च्या दिवाळीच्या सुटीत दोन शिक्षकमित्रांसह मी कन्याकुमारीहून आसामातील दिब्रुगडपर्यंत आगगाडीने गेलो. या दोन गावांना जोडणारी विवेक एक्सप्रेस ही आपल्या देशातील सर्वांत लांब पल्ल्याची गाडी होय. ती २०११ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. सुमारे ४,२०० किलोमीटरांचे अंतर ती तीन अहोरात्रांहून अधिक काळात तोडते, पन्नासाहून अधिक स्थानकांवर थांबते आणि वाटेत नऊ राज्यांना स्पर्श करते. आम्ही तिच्या मार्गाने, परंतु गाड्या बदलीत, अधेमधे उतरत, अकरा दिवसांत गेलो. कारण बसल्या जागी रात्री झोपून काढल्या असत्या तर निम्मा देश अंधारातच मागे पडला असता.

स्वामी विवेकानंद १८९२ च्या डिसेंबरात देशाटन करीत कन्याकुमारीस पोहोचले. तेथील शिलास्मारक १९७० मध्ये पूर्ण झाले, आणि त्यासाठी ज्यांनी देशभर हिंडून निधी व संमती मिळविली ते एकनाथ रानडे अमरावती जिल्ह्यातले. एवढा धागा मुलांना दाखविला की नकाशावरील ते टोक एकदम जवळचे वाटू लागते. दुसरी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कन्याकुमारी तमिळनाडूत आहे. पण गाडी थोड्याच वेळात केरळात शिरते आणि पालक्काडनंतर पुन्हा तमिळनाडूत येते. याचे कारण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आहे. तोवर कन्याकुमारीचा मुलूख त्रावणकोरकडे होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला तो तेथील तमिळ भाषिकांच्या मागणीप्रमाणे तेव्हाच्या मद्रास राज्यात गेला. नकाशावरील रेघा कोणी देवाने आखून दिलेल्या नाहीत, माणसांच्या बोलण्यावरून त्या सरकल्या आहेत, हे महाराष्ट्रातील शिक्षकास वेगळे सांगावयास नको.

केरळाविषयी पुष्कळ लिहिता येईल, परंतु तेथे आमचा मुक्काम थोडा झाला. खाणावळीत बसताच समोर गुलाबी रंगाचे कोमट पाणी आले. माझे सोबती ते पिण्यास कचरू लागले. पतिमुखम् नावाच्या लाकडाचे तुकडे घालून पाणी उकळण्याची तेथे रीत आहे, त्याचा तो रंग. पाण्याला मलयाळमात वेळ्ळम् म्हणतात. पुढे तमिळात ते तण्णीर झाले, तेलुगूत नीळ्ळु झाले. हे तिन्ही शब्द मी डायरीत लिहून ठेवले, आणि मग प्रत्येक राज्यात उतरल्यावर पाण्याचे नाव विचारावयाचे असा आमचा नेमच झाला. तहान सर्वांना लागते. म्हणून हा प्रश्न कोणालाही विचारता येतो, आणि विचारलेल्याला तो आवडतो, असा अनुभव आला.

पालक्काडजवळ सह्याद्रीत सुमारे तीस-चाळीस किलोमीटर रुंदीची खिंड आहे. आपल्याकडे बोरघाट वा कसारा घाट चढताना गाडीला किती सायास पडतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना येथे आश्चर्य वाटेल. डोंगर दोन्ही बाजूंना उभे असून गाडी मात्र जवळजवळ सपाटीने पलीकडे जाते. अलीकडे नारळीची बने, पाण्याने भरलेली शेते; पलीकडे कोइमतूरच्या बाजूस कोरडी जमीन आणि निराळीच झाडे. पर्जन्यछाया ही संकल्पना मी पुस्तकातील आडव्या छेदाच्या आकृतीवरून शिकवीत असे. ती तासाभरात खिडकीतून पाहावयास मिळते. याशिवाय तमिळनाडूत आमच्या डोक्यावर पाऊस कोसळू लागला. आपल्याकडे पावसाळा संपून सुगी चालू असते, तेव्हा तेथे ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिकडील बहुतेक भागांत मुख्य पावसाचे महिने. पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, हे आपल्या मुलांना निसर्गनियमासारखे वाटते. सेलमच्या मुलाला तसे वाटत नसावे.

दिवाळी आम्हांला तमिळ मुलखातच लागली. पहाटे अंधारात घराघरांतून तेलाचा वास येत होता. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान तेथे आपल्यासारखेच, किंबहुना तोच तिकडील दिवाळीचा मुख्य दिवस. केरळात दोन दिवसांपूर्वी दिवाळीची फारशी गडबड दिसली नव्हती. तेथील मोठा सण ओणम. आणि ज्या अमावास्येस आपण लक्ष्मीपूजन करतो त्याच रात्री बंगाल, ओडिशा व आसामात कालीची पूजा होते. म्हणजे तिथी एक, रात्र एक, देवता निराळी. "दिवाळी हा भारताचा सण आहे" या वाक्यात हे काहीच येत नाही.

राजमहेंद्रीस उतरण्याचा आग्रह माझ्या एका सोबत्याचा. तो गोदाकाठचा. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर ज्या पाण्यात त्याने ओंजळ बुडविली होती, ते सुमारे १,४६५ किलोमीटर चालून समुद्राकडे कसे जाते हे त्याला पाहावयाचे होते. राजमहेंद्रीजवळ गोदावरीचे पात्र इतके रुंद आहे की जुना रेल्वेपूल पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास लांबीचा करावा लागला. तो १९०० मध्ये खुला झाला व १९९७ मध्ये वाहतुकीतून निवृत्त झाला. १९७४ चा पूल रस्ता व रेल्वे दोन्हींचा आहे. तिसरा कमानींचा पूल १९९७ चा. आमची गाडी पुलावर आली तेव्हा माझा सोबती दारात उभा राहिला आणि पलीकडचा काठ येईतो एक शब्दही बोलला नाही. नंतर म्हणाला, "मी मुलांना गोदावरी नाशिक, पैठण, नांदेड एवढीच शिकविली. नांदेडपुढे ती जणू संपतेच."

राजमहेंद्रीपासून जवळच धवळेश्वरम् येथे आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८५२ मध्ये धरण पुरे केले. दुष्काळाने व महापुराने गांजलेला तो त्रिभुज प्रदेश त्यामुळे भातशेतीचा झाला. तेथील शेतकरी आजही कॉटनचे नाव आदराने घेतात व त्याचे पुतळे तिकडे जागोजाग आहेत. याच राजमहेंद्रीत अकराव्या शतकात राजराज नरेंद्राच्या आश्रयाने नन्नय्याने तेलुगू महाभारत रचावयास आरंभ केला, आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गोदावरीच्या खोऱ्यातच नेवाशास ज्ञानेश्वरी लिहिली गेली. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे नाशिकला सिंहस्थ भरतो, तेव्हाच तिकडे गोदावरीचे पुष्करम् भरते. २०१५ मध्ये दोन्ही एकाच वर्षी झाली. नदीचा पाठ उगम, उपनद्या व मुख असा कोरडा न घेता काठावरच्या माणसांवरून घेतला तर मुले तो विसरत नाहीत, असे मला आता वाटते.

विशाखापट्टणम् मागे पडल्यावर स्थानकांच्या पाट्या बदलू लागतात. रेल्वे स्थानकाचे नाव स्थानिक भाषेत, हिंदीत व इंग्रजीत लिहिलेले असते. त्यामुळे प्रवाशास फुकटात लिपीचे पुस्तक मिळते. देवनागरीतील नाव वाचावे, मग वरील ओळीत तेच अक्षर शोधावे. दोन दिवसांत पुष्कळ अक्षरे ओळखीची होतात. दक्षिणेकडील लिप्या गोल वळणाच्या. ताडपत्रावर लोखंडी कंटकाने लिहिताना आडव्या सरळ रेघेने पान शिरेवर चिरण्याची भीती, म्हणून वळणे गोल झाली, असे सांगतात. ओडिया लिपीत अक्षराच्या डोक्यावर आपल्यासारखी शिरोरेघ नसून कमान आहे. जणू आपली शिरोरेघ कोणी छत्रीसारखी वाकविली. बंगालीत व आसामीत पुन्हा सरळ रेघ येते. आणि या साऱ्या लिप्यांची आई एकच, ब्राह्मी. म्हणून क, ख, ग, घ, ङ हा क्रम मलयाळम्, तेलुगू, ओडिया, बंगाली सर्वांत तोच आहे. तमिळात मात्र क, ख, ग, घ या चारही ध्वनींचे काम एकच अक्षर करते. आपली मुळाक्षरे म्हणताना पहिलीतील मूल अर्ध्या देशाची मुळाक्षरे म्हणत असते.

ब्रह्मपूर हे ओडिशातील गंजाम जिल्ह्याचे मोठे स्थानक. तेथे फलाटावर आम्ही तिघे बोलत असताना एक तरुण जवळ आला व चांगल्या मराठीत म्हणाला, "तुम्ही महाराष्ट्रातून आलात ना?" तो कित्येक वर्षे आपल्याकडे यंत्रमागावर कामाला होता. त्याच्या गावातील घरटी एक तरी माणूस सुरतेस वा भिवंडीस आहे, असे तो म्हणाला. मी पाण्याचे नाव विचारले. तो म्हणाला, "पाणि." तोच शब्द, आणि तोच ण. मग त्याने हसून आणखी शब्द सांगितले. फळाला फळ. केळ्याला कदळी. आणि सकाळला सकाळ.

मी थबकलो. हा ळ आपल्या भाषेचे विशेष लेणे आहे असे आपण समजतो, कारण आपली तुलना नेहमी हिंदीशी असते आणि प्रमाण हिंदीत ळ नाही. पण तो मलयाळमात आहे, तमिळात आहे, तेलुगूत आहे, कानडीत व गुजरातीत आहे आणि ओडियातही आहे. आमच्या मार्गावर तो ओडिशापर्यंत सोबत आला आणि बंगालच्या सीमेवर उतरून गेला. तिकडे सकाळचे सकाल होते. याच फलाटावर मला शेवटच्या रांगेतली ती मुलगी आठवली. यंत्रमागाच्या गावातील ती 'हिंदीवाली' मुलगी हिंदीची कशावरून? आम्ही तिला विचारले कोठे होते?

ब्रह्मपूरपुढे लोहमार्ग चिल्का सरोवराच्या काठाने जातो. हे आपल्या देशातील सर्वांत मोठे मचूळ पाण्याचे सरोवर; हिवाळ्यात तेथे दूरदूरचे पक्षी उतरतात. पुढे कटक. ओडिशा हे भाषेच्या पायावर अगदी आधी, १ एप्रिल १९३६ रोजी, निराळे झालेले राज्य होय. परंतु १७५१ ते १८०३ या काळात तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? पुरीच्या मंदिरासमोरचा अरुणस्तंभ मराठ्यांच्या अमदानीत कोणार्काहून आणून उभा केला गेला.

येथून एका अवघड विषयाकडे वळतो. खरगपूरनंतर आमच्या डब्यात एक वृद्ध बंगाली शिक्षिका होत्या. आम्ही महाराष्ट्रातले असे कळताच त्या किंचित हसून म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही बर्गी!" आम्हांला काही कळेना. बर्गी हा आपला बारगीर; सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. गावे लुटली गेली, माणसे मारली गेली, विणकर व शेतकरी परागंदा झाले. कलकत्त्याच्या रक्षणासाठी १७४२ मध्ये खंदक खणावयास घेतला. त्याचे नाव मराठा खंदक. आणि आजही बंगालातील आया तान्ह्या मुलांना निजविताना जे अंगाईगीत म्हणतात त्यात बर्गी देशात आल्याची भीती आहे. त्या बाईंनी ते आम्हांला म्हणून दाखविले. चाल फार गोड होती. माझ्या सोबत्यांपैकी एकजण म्हणाला, "आम्ही हे शिकवीत नाही." बाई म्हणाल्या, "आम्हीही मुलांना गाणे शिकवितो, अर्थ नाही."

हा प्रसंग लिहावा की न लिहावा याचा मी विचार केला. मराठ्यांच्या पराक्रमाचा इतिहास आपण अभिमानाने शिकवितो आणि शिकवावा. पण हा पराक्रम ज्यांच्या दारावरून गेला त्यांच्या घरात त्याची आठवण कोणत्या रूपाने राहिली हेही शिक्षकास ठाऊक हवे. मुलांपुढे ते केव्हा व कसे मांडावे हा त्याच्या तारतम्याचा प्रश्न. सातवीच्या खाली घाई करू नये असे माझे मत. आणि एवढेच सांगून थांबणे हेही सत्याचा अर्धा भाग ठेवणे होईल. त्याच बंगालात सखाराम गणेश देउस्कर या मूळ मराठी घराण्यातील लेखकाने बंगालीत 'देशेर कथा' हा ग्रंथ १९०४ मध्ये लिहिला, शिवाजी उत्सवाचा प्रसार केला, आणि रवींद्रनाथांनी त्याच वर्षी 'शिवाजी उत्सव' ही कविता रचली. भीतीची आठवण व आदराची आठवण अशा दोन्ही एकाच भाषेत नांदत आहेत. बाईंनी उतरताना आम्हांला संदेशाची पुडी दिली.

गंगा आम्ही फरक्का येथे ओलांडली. १९७५ मध्ये चालू झालेल्या या सव्वादोन किलोमीटरांच्या बंधाऱ्यावरूनच रेल्वे व रस्ता जातो. त्यापूर्वी उतारूंना गाडीतून उतरून बोटीने पलीकडे जावे लागे. पुढे सिलिगुडीजवळ देश एवढा अरुंद होतो की एका बाजूस नेपाळ व दुसऱ्या बाजूस बांगलादेश यांमध्ये वीस-बावीस किलोमीटरांची पट्टी उरते. १९४७ पूर्वी आसामकडे जाणारे मुख्य लोहमार्ग आज बांगलादेशात असलेल्या मुलखातून जात. फाळणीने ते तुटले. तेव्हा घाईघाईने, नद्यांनी व जंगलांनी भरलेल्या प्रदेशातून नवा जोडमार्ग बांधण्यात आला व १९५० च्या जानेवारीत तो उतारूंसाठी खुला झाला. नकाशात ही मान मुलांना बोटाने दाखवावी. ती दाखविल्याशिवाय ईशान्येकडील राज्यांच्या अडचणी शब्दांनी सांगून समजत नाहीत.

गुवाहाटीस ब्रह्मपुत्रेवर सराईघाटचा पूल १९६२ मध्ये झाला. सराईघाट हे नाव चौथीच्या इतिहासाशी जोडता येते, हे मला तेथे उभा राहीपर्यंत सुचले नव्हते. आग्र्यास शिवाजीमहाराजांची जबाबदारी ज्याच्यावर होती तो मिर्झाराजे जयसिंगाचा पुत्र रामसिंग आपल्या मुलांना परिचित आहे. १६६६ मध्ये महाराज आग्र्याहून निसटले. त्यानंतर याच रामसिंगास औरंगजेबाने आसामच्या मोहिमेवर पाठविले, आणि १६७१ मध्ये लाचित बडफुकन या आहोम सेनापतीने त्याचा सराईघाटच्या नौकायुद्धात पराभव केला. मुलांच्या मनात रामसिंग आग्र्याच्या वाड्यातच उभा राहिलेला असतो. त्याला ब्रह्मपुत्रेपर्यंत चालवत न्यावे.

गुवाहाटी व दिब्रुगड यांच्या मधोमध गाडी नागालँडमधील दिमापूरला थांबते. नागा लोकांत डझनाहून अधिक जमाती व तितक्याच भाषा. एका जमातीचा माणूस दुसरीशी बोलताना आसामीवरून बनलेल्या नागामी बोलीचा आधार घेतो, आणि राज्यकारभाराची भाषा इंग्रजी. आम्ही गेलो तेव्हा दिमापूरला उतरण्यास परवाना लागत नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथेही आंतररेषा परवान्याचा नियम लागू झाला. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी आधी चौकशी करून निघावे.

दिब्रुगडला आम्ही ५ नोव्हेंबरच्या दुपारी फिरावयास निघालो. माझ्या घड्याळात साडेचार वाजले आणि सूर्य मावळला. घरी दूरध्वनी केला, तर मुलगा म्हणाला, "अजून चांगले ऊन आहे." हा साधा चमत्कार वर्गात गणिताने सोडविता येतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास ४ मिनिटे. दिब्रुगड सुमारे ९५ अंश पूर्व रेखांशावर, मुंबई सुमारे ७३ वर. फरक २२ अंशांचा, म्हणजे ८८ मिनिटांचा. आपले घड्याळ मात्र सर्वत्र एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरचे. ते १९०६ पासून चालत आले आहे. त्यामुळे सूर्य दिब्रुगडला घड्याळाच्या पुढे धावतो व मुंबईत मागे रेंगाळतो. चहाच्या मळ्यांनी यावर जुना तोडगा काढला आहे : तेथे 'बागान टाइम' पाळतात, म्हणजे घड्याळ एक तास पुढे. मळ्यांत चहा खुडणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर व मध्य भारतातून मजूर म्हणून नेलेले मुंडा, उराँव, संताळ, गोंड. त्यांची आपसातली बोली सादरी. एका मळ्यालगतच्या शाळेत गेलो, तेव्हा तेथील शिक्षक म्हणाले की घरी सादरी, शाळेत आसामी, बाजारात हिंदी, अशा तीन भाषांतून मूल दिवसभर ये-जा करते, आणि मुलाला बोलते करण्यासाठी पहिले काही महिने ते सादरीतच बोलतात. त्यांनी ती बोली मुलांकडूनच शिकून घेतली होती.

आता वर्गाविषयी. डिसेंबरात मी त्याच शाळेत पुन्हा गेलो आणि गुरुजींच्या संमतीने अंगणात चुन्याने भारताची बाह्यरेषा काढली. कन्याकुमारीपासून दिब्रुगडपर्यंत सुंभ अंथरला. एक पाऊल म्हणजे शंभर किलोमीटर, असे प्रमाण धरले की बेचाळीस पावलांत प्रवास होतो; देशाची आकृती त्या मानाने मोठी काढावी लागते व अंगण लहान असेल तर अर्धे पाऊल धरावे. स्थानकांच्या जागी खडे ठेवले. प्रत्येक खड्यापाशी पाण्याचे त्या भाषेतील नाव म्हणूनच पुढे जावयाचे, असा नियम केला. खर्च काही आला नाही. गडबड पुष्कळ झाली, आणि शेजारचा वर्ग खिडकीत गोळा झाला, याबद्दल त्या वर्गाच्या बाईंची मी क्षमा मागितली.

ब्रह्मपूरच्या खड्यापाशी मुले आली तेव्हा मी विचारले, "येथे सकाळला काय म्हणतात?" कोणास येईना. मागून हळू आवाज आला, "सकाळ." सर्वांनी वळून पाहिले. ती मुलगी रांगेच्या शेवटी उभी होती. मी पाण्याचे नाव विचारले, फळाचे विचारले. ती सांगत गेली. एका मुलाने विचारले, "मग हिला मराठी येते?" दुसरा म्हणाला, "नाही रे, आपल्यालाच तिची येते." गुरुजींनी तिच्या हाती खडू दिला. ती गावी दुसरीपर्यंत शिकली होती. तिने आपले नाव ओडियात लिहिले, डोक्यावर कमानी असलेल्या अक्षरांत, आणि मुले त्याखाली ते गिरवू लागली.

घंटा झाल्यावर मी कार्यालयात बसून शाळेचे दाखलखारीज रजिस्टर मागविले. तिच्या नावापुढे मातृभाषेच्या रकान्यात 'हिंदी' असे लिहिले होते. पालकांच्या अर्जासह दुरुस्तीचा प्रस्ताव माझ्याकडे पाठवावा, असे मी भेटीच्या नोंदवहीत लिहिले. तो पुढील आठवड्यात आला.